पॉइंट टू-टूच्या मॅगझिनला तेलाची सवय लावू नका

नेमबाजीच्या पिस्तुलातल्या पॉइंट टू-टू (0.22 इंच कॅलिबरच्या) काडतुसाच्या शिशाच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं. नागपुरात नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की ते मऊ होऊन मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसं भरायच्या डबीत, उतरतं, वर आपली धूळ बसते आणि गोळी वेळेवर वर येत नाही. रॅपिड फायर या नेमबाजी प्रकारात 4 सेकंदांत 5 गोळ्या मारायच्या, तिथे हे महागात पडतं.

मॅगझिन पिस्तुलाबाहेर काढा, रिकामं असल्याची खात्री करा, मग तळाची पट्टी सरकवा. अंगठा दाबून धरा, नाहीतर स्प्रिंग उडून कपाटाखाली शोधत बसाल. स्प्रिंग कशी बसली होती याचा आधी फोटो घ्या. आतून कोरड्या सुती फडक्याने पुसा. तेल नकोच, धूळ आणखी चिकटते. पावसाळ्यात गंजाची भीती वाटली तर स्प्रिंगला तेलाचा पुसट हात पुरे.

प्रत्येक मॅगझिनवर पेंट मार्करने नंबर टाका. अडकणारं नेमकं कुठलं ते कळतं. तोंडाच्या कडा वाकल्या असतील तर पक्कड लावू नका, सरळ नवं घ्या. भरताना वरच्या काडतुसाची बुडाची कड खालच्याच्या कडेपुढे राहिली पाहिजे. मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात.