समुद्रकाकडीवर काम करायचं म्हणजे

सागरी जीवशास्त्रात एम.एस्सी. करणारी मुलं भेटली की त्यांचा पहिला प्रश्न बहुधा डायव्हिंगचा असतो. कोर्स कुठे करायचा, खर्च किती, पोहायला आलंच पाहिजे का. समुद्रकाकडीच्या, म्हणजे समुद्रतळावर राहणाऱ्या काकडीच्या आकाराच्या मऊ प्राण्याच्या, अभ्यासात डायव्हिंग कामाला येतं, नाही असं नाही, पण त्याचा नंबर बराच खाली लागतो. त्याच्या वर सूक्ष्मदर्शक, ब्लीचची बाटली आणि परवानगीची फाईल.

फाईलपासून सुरू करते, कारण विषय ठरवताना तीच सगळ्यात आधी आडवी येते. २००१ साली भारतातल्या झाडून सगळ्या समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेल्या. कागदावर त्या आता वाघाच्या पंगतीला बसतात. त्यामुळे ओहोटीला खडकात दिसली म्हणून उचलून बाटलीत टाकली, हे चालत नाही. मेलेली वाहून आली तरी ती कॉलेजच्या लॅबमध्ये न्यायची नाही. संशोधनासाठी नमुना हवा असेल तर कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करावा लागतो, आणि प्राणी पहिल्या अनुसूचीतला असल्याने केंद्र सरकारची पूर्वपरवानगीही लागते. एम.एस्सी.च्या प्रबंधाला मिळतो तेवढ्या वेळात हे सगळं पार पडेल या भरवशावर राहू नका. पहिला प्रकल्प असा घ्या, की ज्यात एकही प्राणी उचलावा लागणार नाही. संग्रहातले जुने नमुने तपासणं, किंवा जिवंत प्राणी जागेवरच मोजणं. मी दोन्ही केलंय, आणि आधी नमुने तपासले याचा मला पुढे पाण्यात फार उपयोग झाला.

बरणीतला नमुना पहिल्यांदा बघाल तेव्हा निराशाच होईल. राखाडी, आकसलेला, पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं तेही कळत नाही. इथे कंटकचर्मी प्राण्यांची, म्हणजे तारामासा आणि समुद्रकाकडी ज्यात येतात त्या गटाची, मूळ घडण डोक्यात पक्की असावी लागते. तारामासा तोंड खाली करून बसतो आणि त्याचे पाच हात चहूकडे पसरतात. समुद्रकाकडीत तोंडापासून गुदद्वारापर्यंतचा अक्ष ताणून लांब झाला आणि प्राणी कुशीवर आडवा पडला. म्हणून पाचाचा हिशेब बाहेरून दिसत नाही, पण तो असतो. पाचपैकी तीन पट्टे जमिनीकडे येतात, त्यांवर चालण्याचे नालपाद, म्हणजे नळीसारखे छोटे पाय, असतात. दोन पट्टे पाठीवर जातात, तिथे नालपादांच्या जागी बहुधा नुसते उंचवटे उरतात. नमुना उभा चिरून उलगडला तर आतल्या भिंतीवर स्नायूंचे पाच लांब पट्टे स्वच्छ दिसतात. ते एकदा स्वतः मोजा. मग हा प्राणी तारामाशाचा भाऊबंद आहे हे पाठ करावं लागत नाही.

तोंडाभोवती ८ ते ३० संस्पर्शक, म्हणजे अन्न गोळा करणारे हात, असतात. तेही नालपादच, फक्त रूप बदललेले. गट ओळखायची पहिली खूण त्यांच्या आकारात आहे. वाळू खाणाऱ्यांचे संस्पर्शक टोकाला ढालीसारखे पसरट असतात, पाण्यातून वाहत आलेले कण पकडणाऱ्यांचे झाडासारखे फांद्या फुटलेले, आणि सिनॅप्टा या समुद्रकाकडीच्या गटातल्यांचे पिसासारखे. घशाभोवती चुन्याचं कडं असतं, बहुतेक वेळा दहा तुकड्यांचं. तारामाशाच्या पाठीवर दिसते ती जलवाहिका तंत्राची, म्हणजे नालपादांना पाणी पुरवणाऱ्या नळ्यांच्या जाळ्याची, चाळणी इथे बहुतेक जातींत शरीराच्या आत लोंबकळते. जननग्रंथी मात्र एकच. बाकीच्या कंटकचर्मींमध्ये त्या अनेक असतात, इथे एकच झुपका, आणि त्याचं तोंड पाठीवर पुढच्या बाजूला उघडतं.

श्वसनवृक्ष, म्हणजे समुद्रकाकडीचं श्वास घेण्याचं अंग, हा माझा सगळ्यात आवडता भाग, त्यामुळे इथे जरा रेंगाळते. आतड्याच्या शेवटी अवस्कर नावाची पिशवी असते, तिथून दोन फांद्याळ नळ्या शरीरभर पुढे जातात. समुद्रकाकडी गुदद्वारातून पाणी आत ओढते, या नळ्यांत भरते आणि बाहेर सोडते. श्वास घ्यायची वाट तीच, विष्ठेची वाट तीच. २०१३ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका मोठ्या जातीवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की ही वाट थोडंफार अन्न शोषायलाही वापरली जाते. त्याच वाटेने मोती मासा नावाचा मासाही आत जाऊन राहतो, आणि जाताना पुष्कळदा शेपूट आधी घालतो. अ‍ॅक्टिनोपायगा वंशातल्या जातींना गुदद्वारापाशी चुन्याचे पाच दात असतात, ते अशा पाहुण्यांना अडवायला असावेत असा तर्क आहे. तर्कच आहे, पेपरात तो सत्य म्हणून लिहू नका. हे दात तेवढे ओळखीला फार सोयीचे. सिनॅप्टाच्या गटात मात्र श्वसनवृक्षही नाही आणि नालपादही नाहीत. तिथे कातडीच श्वास घेते.

आता ब्लीच. समुद्रकाकडीचा सांगाडा कातडीत विखुरलेला असतो, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या चुन्याच्या कणांच्या रूपात. त्यांना अस्थिका म्हणतात. जात ठरते ती मुख्यतः यांच्यावरून, रंगावरून नाही. पाठीच्या कातडीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काचपट्टीवर घ्या, घरगुती ब्लीचचे थेंब टाका, मांस विरघळू द्या, पाण्याने हलके धुवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरा. मग पोटाच्या कातडीचा तुकडा, मग नालपाद, मग संस्पर्शक, सगळे वेगवेगळे. एकाच प्राण्याच्या वेगवेगळ्या भागांत अस्थिका वेगळ्या असतात, म्हणून कुठला तुकडा कुठला हे त्याच क्षणी काचपट्टीवर लिहून ठेवायचं. अस्थिकांना आकारावरून नावं आहेत: होलोथुरिया स्काब्राच्या कातडीत मनोऱ्यासारखी टेबलं आणि गाठीदार बटणं दिसतात. होलोथुरिया आट्रामध्ये टेबलं आहेत, बटणं नाहीत. स्टिकोपसमध्ये टेबलांबरोबर इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकड्या काड्या. बोहाड्शिया आणि अ‍ॅक्टिनोपायगा यांच्यात टेबलं मुळीच नाहीत. आणि सिनॅप्टात चक्क नांगर, प्रत्येक नांगराला त्याची स्वतःची भोकाभोकांची पट्टी. सिनॅप्टाला हात लागला तर ती बोटाला चिकटते ती या नांगरांमुळे.

या अस्थिका हाताने काढायला शिका. मोबाईलने फोटो घ्या, जरूर घ्या, पण चित्र काढताना डोळा मनोऱ्याचे खांब मोजतो, बटणाची भोकं मोजतो. फोटो काढणारा बहुतेक वेळा मोजत नाही.

याला जोडून एक व्यावहारिक गोष्ट, जी शिकवताना हमखास राहून जाते. समुद्रकाकडी फॉर्मॅलिनमध्ये ठेवायची नसते. फॉर्मॅलिन हळूहळू आम्लधर्मी होतं आणि चुना विरघळवतं. बाहेरून नमुना ठणठणीत, आत ओळख पुसलेली. ७० टक्के अल्कोहोल हेच खरं. जुन्या संग्रहात काम करणार असाल तर नमुना कशात ठेवला होता हे नोंदवहीत आधी बघा, म्हणजे अस्थिका न दिसणाऱ्या काचपट्टीवर दिवस वाया जाणार नाही.

वर्गीकरणाच्या जुन्या पुस्तकांविषयी थोडक्यात. २०१७ मध्ये जनुकीय पुराव्यावरून या वर्गाची फेरमांडणी झाली आणि आता सात गण, म्हणजे कुळांच्या वरचे गट, मानले जातात. ढालीसारख्या संस्पर्शकांचा जुना मोठा गण त्यात मोडला. कॉलेजच्या ग्रंथालयातलं पुस्तक अस्थिकांच्या चित्रांसाठी वापरा, नावासाठी नको. नाव सागरी प्रजातींच्या जागतिक नोंदवहीत तपासा, ती इंटरनेटवर फुकट आहे. जगात सुमारे १,७०० जाती नोंदलेल्या आहेत, त्यामुळे भारतात काही नवं सापडायचं राहिलंय का या प्रश्नाचं उत्तर होय असंच आहे. विशेषतः बोटाएवढ्या, खडकाखाली दडणाऱ्या जातींत. मोठ्या, विकाऊ जातींकडे सगळे बघतात.

पाण्यातल्या कामासाठी तमिळनाडूच्या किनाऱ्यालगतचं मन्नारचं आखात आणि पाल्कची सामुद्रधुनी या भारतातल्या सर्वांत सोयीच्या जागा, अर्थात आखातातल्या राष्ट्रीय उद्यानाच्या २१ बेटांभोवती परवानगी लागतेच. समुद्री गवताची कुरणं उथळ आहेत, मास्क आणि स्नॉर्केल पुरतं. पद्धत साधी: दोरी ताणायची, तिच्या दोन्ही बाजूंचा ठरावीक पट्टा मोजत जायचा. खरी गोम वेळेत आहे. होलोथुरिया स्काब्रा दिवसाचा काही काळ वाळूत गाडून घेते. तिची पिल्लं तर सूर्योदयाच्या सुमारास आत जातात आणि संध्याकाळी वर येतात. सकाळी मोजलेला पट्टा आणि संध्याकाळी मोजलेला पट्टा यांची तुलना करून संख्या वाढली असं लिहिणारे प्रबंध मी वाचलेत. भरती, वेळ आणि पाण्याचं तापमान ही तीन खाती वहीत नसतील तर आकड्याला अर्थ नाही.

लांबी हाही तसाच फसवा आकडा. हा प्राणी आकसतो, पाणी भरून फुगतो, पाणी सोडून लिबलिबीत होतो. वजन तर त्याहून बेभरवशाचं. जागेवरच, न हलवता, लांबी आणि रुंदी दोन्ही घ्यायची. या आकसण्या-फुगण्याला कारण त्याच्या कातडीतली संयोजी ऊती, जी चेतासंस्थेच्या हुकमाने घट्ट किंवा सैल होते. स्टिकोपसच्या काही जाती पाण्याबाहेर काढल्या तर हातातच विरघळायला लागतात. आणि फार छळ झाला तर कित्येक जाती आतडंच बाहेर टाकतात. ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा उगवतं हे खरं, पण तोवर तो प्राणी उपाशीच.

दोन काळ्या जातींत नवखी मुलं सर्रास गोंधळतात. होलोथुरिया आट्रा उघड्यावर पडलेली असते, अंगावर वाळू थापलेली, आणि पाठीवर त्या वाळूत गोल मोकळ्या जागांच्या दोन रांगा. होलोथुरिया ल्युकोस्पिलोटा लांबुडकी, वाळू नसलेली, मागचं टोक खडकाखाली ठेवून पुढचं बाहेर ताणते, आणि त्रास दिला तर मागून चिकट पांढरे धागे सोडते. आट्रा मधोमध तुटून दोन होते, तेव्हा एखाद्या खाडीत एकाच आकाराच्या छोट्या छोट्या खूप दिसल्या तर त्या पिल्लंच आहेत असं धरून चालू नका.

हे प्राणी करतात काय, असं घरचे विचारतील. वाळू खातात, तिच्यातलं सेंद्रिय द्रव्य काढून घेतात, धुतलेली वाळू मागे टाकतात. ऑस्ट्रेलियातल्या हेरॉन बेटाच्या प्रवाळावर हे प्रमाण वर्षाला सुमारे ६४,००० टन निघालं. माझ्या आईला हा आकडा सांगितल्यावर तिने विषय बदलला, पण लग्नाच्या चौकशा करणाऱ्यांना तीच आता तो सांगते.

रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर काम करणार असाल तर मोडकंतोडकं का होईना, तमिळ शिका. तिथले मच्छीमार समुद्रकाकडीला कडल अट्टै म्हणतात आणि कुठली कधी कुठे असते हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. ते बोलायला कचरतात, आणि त्याला कारण आहे. २००१च्या बंदीआधी समुद्रकाकड्या पकडून विकण्यावर घरं चालत होती. पलीकडे श्रीलंकेत परवाना घेऊन हा धंदा आजही चालतो. इकडे चोरट्या मालाचे साठे पकडले जातात. वही-पेन काढून पहिल्याच भेटीत किती पकडता असं विचारलंत तर तुम्ही खबरी ठरता. जाळी, वारा, मुलांच्या शाळा, असं काहीही बोला, उत्तरं नंतर येतात. बंदी सरसकट असावी की नाही यावर संशोधकांतही दोन तट आहेत. मला वाटतं, समुद्रकाकडीचं बीज, म्हणजे लहान पिल्लं, तयार करून शेती करण्याचा रस्ता इतकी वर्षं कागदावर पडून राहायला नको होता. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या तुतिकोरिन केंद्रात डी. बी. जेम्स यांनी १९८८ मध्ये होलोथुरिया स्काब्राचं बीज प्रयोगशाळेत तयार केलं होतं. पाण्याचं तापमान थोडं वाढवलं की पक्व प्राणी पुढचं अंग उचलून डोलतात आणि अंडी-शुक्राणू सोडतात. तिथून पिल्लाच्या अवस्था सुरू होतात: आधी ऑरिक्युलेरिया, मग पिंपासारखी डोलिओलेरिया, मग पाच संस्पर्शकांची पेंटॅक्ट्युला, आणि ती तळाला बसते. हॅचरीचं, म्हणजे असं बीज तयार करण्याच्या केंद्राचं, काम आवडणाऱ्यांनी मत्स्यशास्त्राची पदवी घ्यावी, रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयासारख्या ठिकाणाहून. प्राणिशास्त्रवाल्यांना तिथे टाक्या सांभाळायचं सगळं नव्याने शिकावं लागतं.

नोकरीचं विचाराल तर नुसत्या समुद्रकाकडीवर पगार देणारं कोणी नाही. नेट ही पात्रता परीक्षा काढा, प्रकल्प सहायकाच्या जागांवर लक्ष ठेवा, आणि अर्जात कंटकचर्मींचं वर्गीकरण येतं असं लिहा, कारण ते येणारी माणसं फार थोडी आहेत. लक्षद्वीपमध्ये २०२० साली २३९ चौरस किलोमीटरचं समुद्रकाकडी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. अशा जागी दर काही वर्षांनी गणना करायची तर माणसं लागणारच. दुसरी वाट खोल समुद्राची. मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात भारताकडे ७५,००० चौरस किलोमीटरचं खनिज-शोधाचं क्षेत्र आहे, आणि अशा खोल तळांवरच्या छायाचित्रांत समुद्रकाकड्या वारंवार दिसतात, काही तर पोहताना. तिथे कातडीचा तुकडा हाती येत नाही, अस्थिका दिसत नाहीत, केवळ फोटोवरून गणापर्यंत किंवा फार तर कुळापर्यंत पोहोचायचं असतं. फोटोत जे दिसत नाही त्याचं नाव न लिहिण्याची शिस्त लागते, आणि ज्याने आधी बरण्या उघडून काचपट्ट्या केल्या आहेत त्याला ती लवकर लागते.