नोरा बसवताय? मग या चुका टाळा

नॉर्वेचा नाटककार हेन्रिक इब्सेनचं ‘अ डॉल्स हाउस’ करायचं ठरलं की हौशी संस्थांच्या तालमी बहुतेक वेळा शेवटापासून सुरू होतात. नायिका नोरा नवऱ्याला, हेल्मरला, समोर बसवते, आठ वर्षांच्या संसाराचा जाब विचारते आणि निघून जाते. टाळ्या तिथे आहेत, म्हणून तोच प्रवेश घोटायचा आणि पहिला अंक ‘नुसती माहिती’ म्हणून निम्मा कापायचा. मग प्रयोगानंतर लोक विचारतात, ही बाई एका रात्रीत एवढी बदलली कशी? ती बदललेली नसते. तुम्ही तिला आधी भोळसट करून ठेवलेली असते.

ही सगळ्यात मोठी चूक. हेल्मर तिला चंडोल म्हणतो, खारूताई म्हणतो, म्हणून नटी पहिल्या मिनिटापासून बागडते आणि आवाज एक पट्टी वर चढवते. संहितेत काय आहे ते बघा. हमाल पन्नास ओर सांगतो, नोरा एक क्रोन (म्हणजे शंभर ओर) देते आणि उरलेले ठेव म्हणते. मग खिशातल्या पिशवीतले दोनेक मॅकरून (बदामाची गोड बिस्किटं) खाते, नवऱ्याच्या दाराशी जाऊन कानोसा घेते, पिशवी परत खिशात टाकते, तोंड पुसते आणि मगच त्याला हाक मारते. लपवण्यात इतका हात बसलेली बाई भोळी नसते.

पुढे हेल्मर नोटा देतो आणि ती ‘दहा, वीस, तीस, चाळीस’ मोजते. हा क्षण घाईत उरकला जातो. हीच बाई 4800 क्रोनचं कर्ज नवऱ्याला कळू न देता फेडते आहे. कपड्यांना मिळालेल्या पैशातले निम्मे बाजूला टाकते, हिवाळ्यात रात्री दार लावून कागद उतरवून देण्याचं काम करते. हे ती बालमैत्रीण क्रिस्टीनला सांगते तेव्हा म्हणते की काम करून पैसे मिळवताना जवळजवळ पुरुष असल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या अंकातली नोरा या वाक्यात आधीच आलेली आहे आणि संकलनात कात्री नेमकी इथेच लागते.

उपाय साधा आहे. पाठांतर सुरू होण्याआधी नटीच्या हातात वही द्यायची आणि पैशाचं प्रत्येक वाक्य लाल शाईने उतरवून घ्यायचं. रक्कम किती, जामीन कोण, सही कुणी केली. नोराचा बाप वारला 29 सप्टेंबरला आणि जामीन म्हणून त्याची सही आहे 2 ऑक्टोबरची. ती सही नोरानेच केलेली आहे आणि कर्ज देणारा क्रॉगस्टाड तिला पकडतो तो या तीन दिवसांत. लाल शाईतलं एकही वाक्य कापायचं नाही. वेळ कमी पडत असेल तर पार्श्वसंगीत कापा, त्याची कुणाला आठवणही येत नाही.

दुसरी चूक दिग्दर्शकांना फार प्यारी आहे: शेवट मवाळ करणं. ‘आपल्या प्रेक्षकांना आई मुलं सोडून गेलेली चालणार नाही’ हे कारण ठरलेलं. ते नवं नाही. नाटक 1879च्या डिसेंबरमध्ये कोपनहेगनला रंगभूमीवर आलं आणि दुसऱ्याच वर्षी जर्मनीत हेडविग नीमन-राबे या नटीने नोराची भूमिका करताना हा शेवट नाकारला. मी माझी मुलं कधीच सोडणार नाही, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या कुणी मोडतोड करू नये म्हणून इब्सेनने स्वतःच पर्यायी शेवट लिहून दिला: हेल्मर तिला मुलांच्या खोलीच्या दाराशी ओढत नेतो आणि ती तिथेच कोसळते. लिहून दिला खरा, पण हा नाटकावरचा रानटी अत्याचार आहे असंही त्याने म्हटलं. तो शेवट टिकला नाही.

आई जाईलच कशी, याचं उत्तर नाटकातच आहे, फक्त ते कापलेल्या पानांत असतं. पहिल्या अंकाच्या शेवटी हेल्मर सुनावतो की बिघडलेल्या तरुणांच्या आया बहुतेक खोटारड्या असतात. दुसऱ्या अंकात नोरा मुलांना जवळ येऊ देत नाही आणि दाई ॲन-मारीला विचारते, मी कायमची गेले तर मुलं मला विसरतील का? ही दाई पोटासाठी स्वतःची मुलगी परक्यांकडे ठेवून नोराला वाढवायला आलेली आहे. दोन मिनिटांचा प्रवेश आहे. तो ठेवलात तर शेवट पटवून द्यायला वेगळं भाषण लागत नाही.

आता दार. इब्सेनच्या सूचनेत आवाज येतो तो खालून, इमारतीच्या मोठ्या दाराचा. हेल्मर नोराच्या नावाने हाका मारतो, उठतो, खोली रिकामी आहे हे त्याला कळतं, मग क्षणभर आशा वाटते आणि तेव्हा खाली दार बंद होतं. नोरा बाहेर पडताच विंगेतलं नेपथ्याचं दार धाडकन आपटलं की हेल्मरचा हा सगळा प्रवासच जातो, वर नेपथ्याची भिंत हलते ती वेगळीच. स्पीकर रंगमंचाच्या पातळीच्या खाली ठेवा आणि इशारा हेल्मरच्या शेवटच्या वाक्यावर द्या.

दुसऱ्या अंकातला नोराचा टॅरँटेला हा इटालियन नाच सुंदर बसवू नका. पत्रपेटीत क्रॉगस्टाडचं तिचं बिंग फोडणारं पत्र आहे, हेल्मर तिकडे जाऊ नये म्हणून ती नाचते आहे, केस सुटतात, तो चुका सांगतो, ती ऐकत नाही. आधी नाच ताला-सुरात पक्का करून घ्या, मग नटीला तो मोडायला सांगा. थेट ‘बेभान हो’ म्हटलं की पाय मुरगळतो.

पत्रपेटी काचेची हवी आणि शेवटच्या रांगेला दिसायला हवी. आतलं पत्र दिसलं नाही तर दुसऱ्या अंकात ताण कसला?

हेल्मरला खलनायक करू नका. तिसऱ्या अंकात कर्जाचा कागद परत आल्यावरचं त्याचं ‘मी वाचलो, नोरा, मी वाचलो!’ येईपर्यंत तो आवडायला हवा.

घरच्या मित्राला, डॉ. रँकला, वगळू नका, नोरा त्याला रेशमी मोजे दाखवते तो प्रवेश अश्लील वाटतो म्हणून तर नाहीच. तो प्रेम कबूल करतो आणि त्यानंतर नोरा त्याच्याकडे मागणार असलेले पैसे मागत नाही.

तिसऱ्या अंकातलं, क्षमेवरचं हेल्मरचं लांबलचक भाषण रटाळ म्हणून कापलं जातं. त्या वेळात नोराला आत जाऊन इटालियन पोशाख उतरवून रोजचे कपडे घालायचे असतात. भाषण गेलं की नटी अर्धे हुक लावून बाहेर येते.

रूपांतर करणाऱ्यांसाठी: अनंत काणेकरांनी हे नाटक ‘घरकुल’ म्हणून मराठीत आणलं तेव्हाचं घर आज नाही. आजच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये नोराला मोबाइलवर कर्ज मिळतं, नवऱ्याची परवानगी कुणी विचारत नाही, त्यामुळे खोट्या सहीची गरज उरत नाही आणि नाटक पहिल्याच अंकात संपतं. एक तर काळ तोच ठेवा, नाही तर तेवढीच घट्ट दुसरी अडचण शोधा. ख्रिसमसची दिवाळी सगळेच करतात आणि मॅकरूनच्या जागी चकल्या आणतात. फराळ घरात सगळ्यांसाठीच असतो. नवऱ्याने दात किडतील म्हणून बंदी घातलेलं काहीतरी शोधा, चॉकलेटसुद्धा चालेल.