थायलंडमध्ये निवृत्त म्हणून राहताय? मुक्कामाची मुदत वाढवताना या चुका टाळा

थायलंडमध्ये निवृत्त म्हणून राहणाऱ्यांना मुक्कामाची परवानगी दरवर्षी वाढवून घ्यावी लागते. वय ५० किंवा जास्त, नॉन-इमिग्रंट ओ व्हिसा (पर्यटक व्हिसा नव्हे; निवृत्तांसाठीचा ओ-ए हा प्रकारही चालतो), थाई बँकेत ठरलेली रक्कम आणि १,९०० बाट शुल्क, अशा मुख्य अटी. कागद नीट असतील तर इमिग्रेशन कार्यालयातलं काम बहुतेकदा एकाच दिवसात उरकतं. म्हणूनच बरेच जण पासपोर्टच्या शिक्क्यावरची तारीख महिन्यावर आली की मग जागे होतात. तोपर्यंत उशीर झालेला असू शकतो, कारण अर्ज अडकवणारी चूक पुष्कळदा काही महिन्यांपूर्वीच बँकेच्या खात्यात होऊन गेलेली असते.

८ लाख बाट: कधी, किती आणि कोणाच्या नावावर

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. १ मार्च २०१९ पासून नियम असा आहे: अर्जाच्या आधी किमान २ महिने खात्यात ८ लाख बाट हवेत. परवानगी मिळाल्यावर पुढचे ३ महिने ते तसेच राहिले पाहिजेत. त्यानंतर पैसे काढता येतात, पण शिल्लक ४ लाखांच्या खाली एक दिवसही जाता कामा नये. आणि पुढच्या अर्जाच्या २ महिने आधी पुन्हा ८ लाख भरलेले हवेत.

समजा तुमची मुदत १५ सप्टेंबरला संपते आणि तुम्ही २० ऑगस्टला अर्ज करणार आहात. मग २० जूनच्या आधी रक्कम खात्यात पडलेली हवी. नंतरचे ३ महिने परवानगी मिळाल्यापासून मोजायचे की जुनी मुदत संपल्यापासून, यावर कार्यालयात हुज्जत घालण्यापेक्षा १५ डिसेंबरपर्यंत हात न लावणं शहाणपणाचं. म्हणजे निम्मी रक्कम वर्षातले जेमतेम सहा महिने तुमच्या हाताशी, आणि उरलेले ४ लाख कधीच नाहीत. अचानक ऑपरेशनचा खर्च आला की माणूस याच पैशांकडे धावतो, आणि पुढच्या वर्षीचा अर्ज तिथेच धोक्यात येतो. आजारपणासाठीची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवाच.

माझं मत विचाराल तर ज्यांना जमेल त्यांनी ८ लाख वेगळ्या खात्यात टाकून ते खातं विसरून जावं. रोजच्या वापराच्या खात्यात ही रक्कम ठेवली की बारीक गोष्टी नडतात. एटीएम कार्डाचं वार्षिक शुल्क कापलं गेलं आणि शिल्लक ७,९९,८०० झाली, तर तो अर्ज पडण्यासारखाच प्रकार आहे. परदेशातून नेमके ८ लाख पाठवले आणि वाटेत बँकेचं कमिशन गेलं, तरी तेच. दहा-पंधरा हजार बाट जास्तच ठेवा.

खातं तुमच्या एकट्याच्या नावावर हवं. नवरा-बायकोचं संयुक्त खातं या कामाला चालेल असं धरून चालू नका.

दुसरा मार्ग दरमहा ६५,००० बाट उत्पन्नाचा. तिसरा, शिल्लक आणि वर्षाचं उत्पन्न मिळून ८ लाख दाखवण्याचा. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया यांच्या वकिलातींनी आपल्या नागरिकांच्या उत्पन्नाच्या पुराव्याची पत्रं देणं २०१९च्या सुरुवातीपर्यंत बंद केलं. तेव्हापासून पत्र नसलेल्यांना १२ महिने, न चुकता, परदेशातून पैसे आल्याच्या नोंदी दाखवाव्या लागतात. इथे चूक होते ती पाठवण्याच्या पद्धतीत. काही सेवा पैसे थाई बँकेतूनच वळते करतात आणि पासबुकात ती स्थानिक जमा दिसते. पहिल्याच महिन्यात पासबुक उघडून पाहा. नोंद परदेशी जमा म्हणून दिसत नसेल तर पाठवायचा मार्ग लगेच बदला, वर्ष संपायची वाट पाहू नका.

पासबुक आणि बँकेचं पत्र

अर्जाच्या दिवशीची नोंद पासबुकात हवी असते. त्यासाठी सकाळी खात्यात १०० बाट भरा आणि पासबुक छापून घ्या. भरा म्हणतोय, काढा नव्हे; अगदी ८ लाखच शिल्लक असलेल्याने नोंद उमटावी म्हणून शंभर काढले तर पंचाईत. बँकेचं शिल्लक-पत्र त्याच दिवसाचं लागतं की चार दिवसांपूर्वीचं चालतं, हे कार्यालयावर अवलंबून आहे, तेव्हा आधी विचारून घ्या. पासबुक महिनोन्‌महिने छापलं नाही तर काही बँका मधल्या नोंदी एकत्र करून एकच ओळ छापतात. मग शिल्लक कुठेही खाली गेली नव्हती हे सिद्ध करायला बँकेचं स्टेटमेंट मागवावं लागतं आणि त्यात दिवस जातात. महिन्यातून एकदा मशिनमध्ये पासबुक घालायची सवय लावली की हा त्रासच नाही.

९० दिवसांची नोंद म्हणजे मुदतवाढ नव्हे

वर्षभराची परवानगी असली तरी दर ९० दिवसांनी टीएम ४७ फॉर्म भरून पत्ता कळवावा लागतो. त्याची पावती पासपोर्टात ठेवतात, तिच्यावर पुढची तारीख असते, आणि तीच मुक्कामाची तारीख समजून काही जण गाफील राहतात. मुक्काम कधी संपतो ते फक्त पासपोर्टवरचा शिक्का सांगतो. पत्ता स्वतः जाऊन कळवायचा तर तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत चालतं. त्यापुढे २,००० बाट दंड. देशाबाहेर जाऊन आलात तर ९० दिवस नव्याने मोजायचे.

टीएम ३० हा तिसराच कागद. तुम्ही घरात राहायला आल्यावर घरमालकाने २४ तासांत ती नोंद करायची असते. मालक विसरतो, आणि मुदतवाढीच्या खिडकीवर ती मागितली की अडचण तुमची होते. भाडेकरार करतानाच मालकाकडून हे काम करून घ्या आणि पावतीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

परवाना न घेता देशाबाहेर जाऊ नका

मुलांना भेटायला आठ दिवस बाहेर गेलात आणि री-एंट्री परमिट, म्हणजे त्याच परवानगीवर परत येण्याचा परवाना, घेतलं नसेल, तर थायलंडबाहेर पडताच वर्षभराची परवानगी रद्द होते. खात्यातले ८ लाख जागेवर असूनही. एका खेपेचं परमिट १,००० बाट, अनेक खेपांचं ३,८०० बाट. परतताना अधिकाऱ्याला परमिटचं पान स्वतः उघडून दाखवा आणि शिक्क्यावरची तारीख काउंटरवरच वाचा. घाईत पर्यटकाचा शिक्का बसू शकतो. तो तिथल्या तिथे दुरुस्त होणं सोपं, नंतर नाही. १ मे २०२५ पासून प्रवेशाआधी डिजिटल आगमन कार्डही ऑनलाइन भरावं लागतं.

पासपोर्टची मुदत सहा महिन्यांत संपत असेल तर परवानगीही साधारण तेवढीच मिळते. आधी पासपोर्ट नवा करा, जुना टाकू नका, शिक्के नव्यात हलवून घ्या, मग अर्ज.

अर्जाचा दिवस

मुदतवाढीचा टीएम ७ फॉर्म, ४ × ६ सेंटिमीटरचा फोटो, पासपोर्टच्या आणि पासबुकाच्या प्रती, प्रत्येक प्रतीवर सही. मुदत संपण्याच्या ३० दिवस आधीपासून अर्ज घेतात. नवी मुदत जुनी संपते तिथूनच सुरू होते, तेव्हा लवकर गेल्याने एकही दिवस बुडत नाही. १३ ते १५ एप्रिल सोंगक्रानची सुट्टी असते, ते धरून चाला. अर्ज राहत्या प्रांताच्या कार्यालयातच करायचा. नॉन-इमिग्रंट ओ-ए व्हिसावर आलेल्यांना आरोग्य विमाही दाखवावा लागतो, हे त्यांनी विसरू नये.

पैसे नसले तरी काम करून देतो म्हणणारे एजंट भेटतील. काही दिवसांपुरते तुमच्या खात्यात पैसे टाकून पत्र मिळवायचं, ही त्यांची रीत. तो खोटा पुरावा आहे आणि पासपोर्ट तुमच्या नावाचा आहे. फॉर्म भरायला, रांगेत सोबत यायला जरूर कोणाला पैसे द्या, त्यापलीकडे नको.

चूक होऊन गेली असेल तर

रकमेला २ महिने पूर्ण झाले नाहीत आणि तारीख तोंडावर आली, तर मुदतीच्या आत देश सोडा आणि बाहेरच्या थाई वकिलातीतून नवा व्हिसा घेऊन या. खर्च होतो, पण नोंद स्वच्छ राहते. मुदत उलटून राहिलात तर रोज ५०० बाट दंड, जास्तीत जास्त २०,००० बाट. ९० दिवसांपेक्षा जास्त झाले तर स्वतःहून निघालात तरी १ वर्ष प्रवेशबंदी, आणि मध्येच पकडले गेलात तर अगदी थोड्या दिवसांसाठीही ५ वर्षं.

रुग्णालयात असाल तर गप्प पडून राहू नका. डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन घरच्या कोणाला तरी तारीख उलटण्याआधी इमिग्रेशन कार्यालयात पाठवा. उपचारासाठी मुक्काम वाढवून देण्याची वेगळी तरतूद आहे, पण ती मागावी लागते.