डिमेन्शियाच्या माणसाला सांभाळताना आम्ही केलेल्या चुका, तुम्ही टाळा

नाना म्हणजे माझे सासरे. भुसावळला रेल्वेत ड्रायव्हर होते, रिटायर होऊन 25 वर्षं होऊन गेली. डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा अन भ्रमण्याचा आजार, आहे हे कळून आता चार वर्षं झाली अन ह्या चार वर्षात आम्ही घरच्यांनी एकेक असे घोळ घातलेत की बस. तेच लिहितेय.

सगळ्यात पहिला घोळ, "वय झालं, विसरणारच". दीड वर्ष ह्यातच घालवलं. ज्या बाजारात नाना 40 वर्षं भाजी आणायला जायचे तिथून घरचा रस्ता चुकले तरी आम्ही म्हटलं ऊन लागलं असेल. मग कोणीतरी म्हणे बाहेरचं आहे, भगताकडेही जाऊन आलो, खोटं कशाला बोलू. शेवटी न्यूरोवाल्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी बी 12, थायरॉइड, सोडियम अन डोक्याचा स्कॅन एवढं सगळं करायला लावलं. कारण बी 12 कमी असलं, थायरॉइड बिघडलं, किंवा पडल्यावर डोक्यात हळूहळू रक्त साचलं तरी माणूस असंच वागतो, अन त्यावर इलाज असतो. नानांचं बी 12 कमी निघालंच, इंजेक्शनं दिली, थोडी तरतरी आली, पण मूळ आजार होताच. गोळ्या चालू आहेत. गोळीने हा आजार बरा होत नाही, काही जणांना काही काळ फरक पडतो एवढंच, म्हणून कोणी "गॅरंटी" देत असेल तर पैसे सांभाळा.

दुसरी चूक आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा झाली, वाद घालणं. नाना रात्री अडीचला उठायचे अन लाइन बॉक्स शोधायचे. ड्रायव्हर लोकांची ती लोखंडी पेटी असते ना, तीच. "मनी पेटी कोठे शे? ड्युटी शे मनी." (माझी पेटी कुठे आहे? ड्युटी आहे माझी.) हे उठून सांगायचे, नाना तुम्ही रिटायर झालात, आता कुठली ड्युटी. झालं, नाना भडकायचे, माझी नोकरी घालवायला निघालात का म्हणून. एकदा तर ह्यांनी पेन्शनचं पासबुक काढून दाखवलं! रात्री अडीचला! नानांनी ते भिरकावून दिलं अन पहाटेपर्यंत कोणीच झोपलं नाही.

मग एका रात्री मी कंटाळून म्हटलं, नाना, खंडव्याची गाडी तीन तास लेट शे, कंट्रोलचा फोन आला होता, तुम्ही पडा, कॉल बॉय येईल उठवायला. पूर्वी ड्रायव्हरांना घरी बोलवायला कॉल बॉय यायचे. नाना म्हणाले, "बरं, चहा मांड मंग." चहा प्याले अन झोपले. मला आधी वाईट वाटलं, सासऱ्याला खोटं बोलतेय म्हणून. आता नाही वाटत. त्यांच्या डोक्यात ती ड्युटी खरी असते, तिची भीतीही खरी असते, मग आपण पुरावे दाखवून काय साधतो? पेटी आता पलंगाखालीच ठेवलीय, आत एक टॉवेल अन जुनी बॅटरी. शोधाशोध बंद.

ह्यातच भाषेचं एक सांगायचं राहिलं. नाना मूळचे अमळनेरकडचे. नोकरीत हिंदी, आमच्याशी मराठी, पण आता ती दोन्ही मागे पडत चाललीत अन अहिराणी तेवढी पक्की राहिलीय. लहानपणीची भाषा बऱ्याचदा शेवटपर्यंत टिकते. मी यावलकडची, मला अहिराणी कळते पण बोलताना जीभ अडखळते. तरी "जेवण करून घ्या" ऐवजी "जेवी ल्या नाना" म्हटलं की ताटाकडे वळतात. केअरटेकर ठेवणार असाल तर आधी भाषा विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे नीट वाचा. मे महिन्यात, आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो तेव्हा, नाना दोन दिवसात एकदम बिघडले. खोलीत बकऱ्या दिसतात म्हणायचे, दिवसा झोपून राहायचे, रात्री ओरडायचे. आम्हाला वाटलं आजार वाढला, आता असंच चालायचं, अन एक दिवस तसाच वाया घालवला. निघालं काय तर लघवीचं इन्फेक्शन अन अंगात पाणी कमी. औषध अन सलाईनने आठवड्याभरात बकऱ्या गेल्या. डिमेन्शिया सहसा महिन्या-वर्षांनी हळूहळू सरकतो, पण एक-दोन दिवसात माणूस बदलला तर ते दुसरंच काहीतरी असतं, इन्फेक्शन, सोडियम, बद्धकोष्ठ, नवीन गोळी, पडल्याचा मार, त्याच दिवशी दाखवा. अन ह्यांना तहान लागलेली कळत नाही किंवा सांगता येत नाही. "पाणी पाहिजे का" विचारलं तर नाहीच म्हणतात, म्हणून विचारायचं नाही, ग्लास हातात द्यायचा. ताक, कैरीचं पन्हं, डाळीचं पाणी, जे जाईल ते.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने झोपेची किंवा सर्दीची गोळी आणून देऊ नका. सर्दीच्या, ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी असा माणूस आणखी भ्रमतो अन पडतो. "शांत करणारी" गोळी डॉक्टरांनी दिली तरी किती दिवस अन का, हे विचारा, वयस्कर डिमेन्शियावाल्यांना त्या गोळ्यांनी पॅरालिसिसचा धोका वाढतो.

पाहुणे! ओट्यावर बसल्या बसल्या पहिला प्रश्न, "नाना, ओळखलं का मी कोण?" नाना कसंनुसं हसतात अन नंतर तासभर गप्प. मी आता दारातच सांगते, नाव सांगूनच बसा. कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्या खानदेशातल्या सणाला, घर भरतं तेव्हा नानांना मागच्या खोलीत ठेवतो, दोन-दोन माणसंच आत पाठवतो.

आंघोळीवरून भांडू नका, एक दिवस राहिली तर काही होत नाही.

कागदपत्रांची चूक मात्र महागात पडते. माणसाला समजतंय तोवरच बँक खातं जॉइंट करा, मृत्युपत्र करायचं असेल तर तेव्हाच. आम्ही कुलमुखत्यारपत्र करून निश्चिंत बसलो होतो. वकील म्हणाले, देणाऱ्याची समज गेली की त्याचा उपयोग राहत नाही. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो, सकाळी मूड चांगला असताना करा, संध्याकाळी नको. संध्याकाळी ते जास्त गोंधळतात.

अन सगळं एकट्या सुनेवर नको. मी सहा महिने तसं केलं, बीपीची गोळी मलाच लागली. आता रविवार नणंदेचा, मी माहेरी जाऊन झोपते. अडचणीत 14567 ही ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.

घराबाहेर निघून जाण्याची भीती असतेच, त्यात आमच्याकडे पावलं थेट स्टेशनकडे वळतात. सदऱ्याच्या आतून मोबाईल नंबर शिवलाय. दाराच्या कडीला बैलाच्या माळेतला एक घुंगरू बांधला होता, वाजला की आम्ही जागे. दोन महिने मस्त चाललं. परवा बघते तर नाना आधी घुंगरू मुठीत घट्ट धरतात अन मग हळूच कडी काढतात.