हरिकेनच्या मॉडेलला विमानाचं रडार जोडताना या चुका टाळा

नोआची (अमेरिकेची समुद्र-हवामान संस्था) पी-३ विमानं हरिकेनच्या डोळ्यातून, म्हणजे चक्रीवादळाच्या शांत केंद्रातून, आरपार जातात, तेव्हा शेपटीतलं डॉप्लर रडार (पावसाचा जवळ-दूर जाण्याचा वेग मोजणारं) वादळाचा गाभा चाळून काढतं. एवढा डेटा देऊनही अंदाज सुधारायचा सोडून बिघडला, की सगळे मॉडेलवर, म्हणजे अंदाज काढणाऱ्या संगणकी प्रणालीवर, घसरतात. मी आधी डेटाच उघडून बघतो.

सगळ्यात फसवी भानगड वेगाच्या घडीची: मर्यादेपलीकडचा वेग दुमडून भलताच दिसतो. तरंगलांबी ३.२ सेंटिमीटर आणि सेकंदाला २००० स्पंदनं असतील, तर रडारला सेकंदाला १६ मीटरपर्यंतचाच वेग बिनचूक कळतो. २० मीटरने दूर जाणारा पाऊस मग १२ मीटरने जवळ येताना दिसतो! हरिकेनचा वारा तर ३३ मीटरपासून पुढे. दोन स्पंदन-दर आलटून पालटून वापरले की मर्यादा वाढते, पण काही नोंदी तरी निसटतातच. शेजारशेजारच्या दोन नोंदींत एकदम ३२ मीटरची उडी दिसली, तर तिथे घडी उलगडायची राहिलीय.

दुसरं, अँटेनाचा कोन. विमान सेकंदाला १२० मीटरने उडतंय आणि किरण २० अंश पुढे झुकलाय, तर कोनातली एका अंशाची चूक वाऱ्यात सुमारे २ मीटरची खोट आणते. तपासायला समुद्र आहेच: विमानाची गती वजा केल्यावर पृष्ठभागाचा वेग शून्याच्या आसपास यायला हवा. काम झालं की हाच समुद्राचा प्रतिध्वनी काढून टाका, नाहीतर खालच्या थरातला वारा उगाच मंद दिसेल.

वेळेकडे तर हमखास दुर्लक्ष होतं. सेकंदाला ५ मीटरने सरकणारं वादळ तीन तासांत ५४ किलोमीटर जातं. पूर्ण उड्डाणाच्या नोंदी एकाच क्षणाच्या धरल्या, तर डोळ्याची भिंत (डोळ्याभोवतीचं जोरदार वाऱ्या-पावसाचं कडं) पुसट होते. नोंदी वेळेनुसार तुकड्यांत द्या, किंवा केंद्राच्या सापेक्ष मांडा.

डोळ्यात पाऊस नसतो, म्हणून प्रतिध्वनीही नसतो. ती जागा रिकामीच ठेवा, शून्य वारा भरू नका. जवळजवळच्या नोंदी एकत्र करून सरासरी घ्या. त्यांच्या चुका एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्यामुळे सुट्या दिल्या तर मॉडेल त्यांच्यावर नको इतका विश्वास टाकतं.

हे सगळं करूनही पहिल्या सहा तासांतच वादळ ढेपाळलं, तर वाऱ्याबरोबर दाब आणि आर्द्रताही बदलली का ते बघा. रडार फक्त किरणाच्या दिशेतला वेग सांगतं. बाकीचं एन्सेम्बलच्या, म्हणजे थोडा थोडा फरक करून चालवलेल्या अनेक अंदाजांच्या, सहसंबंधांतून यावं लागतं. तेच कच्चे असतील, तर जोरदार वाऱ्याला पेलणारा कमी दाब केंद्रात नसतो आणि मॉडेल तो वारा झटकून टाकतं.