९२४(सी)ची शिक्षा चॅलेंज करताय? मग या चुका टाळा

अमेरिकेत फेडरल केसमध्ये हिंसक किंवा ड्रग्जच्या गुन्ह्यात बंदूक असली की ९२४(सी) कलम लागतं. कमीत कमी ५ वर्षं, बंदूक दाखवून धमकावलं तर ७, गोळी झाडली तर १०, आणि ही वर्षं मूळ शिक्षा संपल्यावर वेगळी भोगायची. मी इथे लॉ ऑफिसमध्ये २२५५ मोशनची, म्हणजे फेडरल शिक्षेला आव्हान देणाऱ्या अर्जाची, कागदपत्रं लावते, आणि त्याच त्याच चुका बघून आता खरंच वैताग आलाय.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे "त्याने कोणाला हातसुद्धा लावला नाही हो" यावर पानंच्या पानं लिहायची, सोबत पोलिस रिपोर्ट आणि शेजाऱ्यांची पत्रं जोडायची. अहो, कोर्ट ते बघतच नाही! हे कलम ज्या मूळ गुन्ह्यावर टांगलंय, तो सिद्ध करायला बळाचा वापर, प्रयत्न किंवा धमकी लागतेच का, एवढंच बघतात. २०२२ चा टेलरचा खटला घ्या, त्यात साथीदाराने झाडलेल्या गोळीने माणूस मेला होता, तरी सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ ने सांगितलं की हॉब्ज ॲक्ट या फेडरल कायद्याखालचा दरोड्याचा नुसता प्रयत्न या कलमापुरता हिंसक गुन्हा नाही, कारण तो सिद्ध करायला धमकी दिलेली असावीच लागते असं नाही. म्हणून मी आधी इंडाइटमेंट (आरोपपत्र) आणि जजमेंट मागते, कहाणी नंतर. कट, प्रयत्न की पूर्ण दरोडा? पूर्ण दरोडा असेल तर सर्किट कोर्टं (फेडरल अपील कोर्टं) तो हिंसकच धरतात. कलम फक्त ड्रग्जच्या गुन्ह्यावर लागलं असेल तर हा मुद्दा विसरा.

दुसरी चूक, थांबून राहणं. २४ जून २०१९ ला डेव्हिस निकालात या कलमातली व्याख्येची एक मोघम बाजू रद्द झाली आणि दरोड्याच्या कटावर टांगलेल्या शिक्षा डळमळल्या. एका बाईंच्या भावाची केस अगदी तीच, कट आणि त्यावर ७ वर्षं. पण जेलमधल्या कुणा हुशाराने सांगितलं की निकाल जुन्या केसेसना लागू होतो असं सुप्रीम कोर्ट म्हणेपर्यंत घाई नको. २०२० चा जून कोविडच्या लॉकडाऊनमध्ये गेला, ताईंचा फोन आला तो दिवाळीच्या आसपास, आणि मोशन मुदतीबाहेर म्हणून फेटाळली गेली. २००५ पासून डॉड निकालाने स्पष्ट आहे की सुप्रीम कोर्ट नवा हक्क मान्य करतं त्या दिवसापासून मोशनची एक वर्षाची मुदत मोजायची, तो जुन्यांना लागू ठरतो त्या दिवसापासून नाही. मी तर निकाल आला की त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या वर्षाची तारीख लाल पेनाने लिहिते, मोबाइलच्या रिमाइंडरवर माझा काडीचा विश्वास नाही.

आता उतावळे लोक. शेजारच्या कैद्याची मोशन जशीच्या तशी उतरवून पाठवून देतात, पहिली संधी वाया. दुसऱ्या मोशनला सर्किट कोर्टाची परवानगी लागते आणि टेलरच्या जोरावर ती मिळत नाही, कारण तो निकाल कायद्याच्या अर्थावर आहे, राज्यघटनेवर नाही. मग २२४१ची, म्हणजे वेगळ्या हेबियस कॉर्पस अर्जाची, चोरवाट शोधायची, तर ती २०२३ मध्ये जोन्स विरुद्ध हेन्ड्रिक्सने बंद केली. शॉर्टकट सांगणाऱ्यांना हे कोणी विचारत नाही.

जॉन्सनचा २०१५ चा निकाल चिकटवू नका, तो ९२४(ई) चा, म्हणजे आधीचे गुन्हे असलेल्यांच्या वाढीव शिक्षेच्या कलमाचा.

प्ली ॲग्रीमेंटमध्ये (गुन्हा कबूल करण्याच्या करारात) चॅलेंजचा हक्क सोडलाय का ते आधी वाचा.

मूळ अपिलात मुद्दा मांडला नसेल तर का नाही, याचं उत्तर तयार ठेवा, सरकारी वकील पहिलं तेच काढतो.

जेलमधून पाठवताना मोशन मुदतीत जेल स्टाफच्या हातात द्या, तारखेचं लेखी निवेदन जोडा आणि एक कॉपी घरी.

आणि जिंकलं म्हणजे लगेच घरी, असं आईला सांगू नका. टेलरला या कलमाची १० वर्षं होती, पण कटाची २० वेगळी होतीच, आणि एक काउंट (आरोप) पडला की जज उरलेल्यांची शिक्षा नव्याने ठरवू शकतो.