कंपन मोजण्यासाठी ॲक्सेलरोमीटर कसा निवडावा?

बेळगावच्या उद्यमबागेतलं वर्कशॉप असो की चिकोडी-अथणीकडचा साखर कारखाना, कंपन मोजायचं ठरलं की आधी ॲक्सेलरोमीटरचा, म्हणजे कंपनाचं त्वरण मोजणाऱ्या सेन्सरचा, भाव विचारला जातो. सुरुवात मशीनपासून करा.

१. मशीनचा वेग मांडा. आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) ६० ने भागा, म्हणजे सेकंदाचे फेरे, अर्थात हर्ट्झ मिळतात. १४४० आरपीएमची मोटर म्हणजे २४ हर्ट्झ. रोटरचा असमतोल इथेच दिसतो. त्यावर २० दातांचं पिनियन (छोटं गिअर) असेल तर दात भिडण्याचं कंपन २४ गुणिले २०, म्हणजे ४८० हर्ट्झवर येतं. त्याच्या तिपटीपर्यंत तरी पाहायला हवं. बेअरिंग खराब व्हायला लागलं की पहिली खूण काही हजार हर्ट्झवर उमटते. ते पकडायचं तर १० किलोहर्ट्झपर्यंत चालणारा सेन्सर घ्या.

विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधली ॲक्सेलरोमीटर चिप एडीएक्सएल३४५ जास्तीत जास्त १६०० हर्ट्झपर्यंत मोजते. असमतोल शिकायला ती छान, बेअरिंगसाठी नाही.

२. संवेदनशीलता, म्हणजे एक जी त्वरणाला सेन्सर किती मिलिव्होल्ट देतो, ते ठरवा. (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण.) बहुतेक चुका इथे होतात, म्हणून आकडेमोड करूनच बघा. कंपनाचा वेग सेकंदाला ५ मिलिमीटर धरला, तर २४ हर्ट्झवर त्वरण साधारण ०.०७७ जी येतं. १०० मिलिव्होल्ट प्रति जीचा सेन्सर त्याला ७.७ मिलिव्होल्ट देतो. तेवढंच कंपन ३०० आरपीएमच्या पंख्यावर असेल, तर हाती जेमतेम १.६ मिलिव्होल्ट लागतात आणि ते आजूबाजूच्या विजेच्या गोंगाटात सहज हरवतात. तिथे ५०० चा सेन्सर हवा. उलट फाउंड्रीतल्या शेक-आउटसारख्या (साच्यातली वाळू हलवून झाडणाऱ्या) दणके खाणाऱ्या मशीनवर १० चा लावा. सेन्सर साधारण ५ व्होल्टपर्यंतच सिग्नल देतो. त्यामुळे १०० चा ५० जीला थांबतो, १० चा ५०० जीपर्यंत जातो.

उसाच्या मिलचा रोलर मिनिटाला मोजकेच फेरे घेतो. माझं स्पष्ट मत आहे, की रोलरवर सेन्सर चिकटवण्यात अर्थ नाही. गिअरबॉक्सच्या वेगवान शाफ्टकडच्या बेअरिंगवर मोजा.

३. बसवायचा कसा, तेही आधीच ठरवा. आटे पाडून स्टडने (आटे असलेल्या खिळीने) घट्ट बसवणं सगळ्यात उत्तम. मॅग्नेट लावणार असाल तर रंग खरवडून जागा सपाट करा. हातात धरून टोचायच्या प्रोबवर एक किलोहर्ट्झच्या पुढे भरवसा ठेवू नका, मग सेन्सर कितीही महाग असो.

४. जागा बघा. आतच इलेक्ट्रॉनिक्स असलेले नेहमीचे सेन्सर साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतात. त्याहून गरम जागी चार्ज प्रकारचा, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक्स नसलेला, घ्यावा लागतो. गळीत हंगामात वाफ आणि रस उडतो, तिथे पूर्ण सीलबंद सेन्सरच घ्या आणि केबल जागोजागी बांधा.

५. जोडणी तपासा. या नेहमीच्या सेन्सरला १८ ते ३० व्होल्ट आणि २ ते २० मिलिअँपिअर स्थिर करंट लागतो. तुमचा कंपन मोजायचा मीटर तो देतो का, हे खरेदीआधीच विचारा. जोडल्यावर मल्टीमीटरने डीसी व्होल्टेज बघा. ८ ते १२ व्होल्ट आले तर ठीक. शून्य आलं तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि पूर्ण सप्लाय व्होल्टेज दिसलं तर केबल तुटली आहे किंवा कनेक्टर सुटला आहे.